तीन शब्द, नेब्रास्का

बाल्टिमोरच्या बंदरात
लाकडी खोक्यातून मोटरसायकल बाहेर निघाली तेव्हा
कस्टमच्या माणसानं विचारलं, कुठवर?
म्हटलं, रस्ता संपेपर्यंत.
तो म्हणाला, इथे तो संपत नसतो,
आणि शिक्का मारला.

त्याला काय जातंय.

ओहायोपर्यंत नुसती आकडेमोड.
पाट्या मैलांत, माझं मीटर किलोमीटरमध्ये,
दर पाटीला दीडपट आणि वर चिमूटभर,
वाण्याच्या पोरासारखा हातचा धरत.
पेट्रोल गॅलनमध्ये, ऊन फॅरनहाइटमध्ये.
पाठदुखी तेवढी आमच्याच मापात.

इलिनॉयच्या मक्यात दोन दिवस.
हेल्मेटच्या आत मी बोलायला लागलो,
आधी इंजिनाशी,
मग गेलेल्या भावाशी, ज्यानं हे इंजिन बांधलं,
मग कुणाशीच नाही, नुसतं बोलत.
काचेवर किडे फुटायचे.
संध्याकाळी मोटेलच्या नळाखाली ते खरवडताना
काउंटरवरची मुलगी विचारायची, एकटेच?
गावं बदलली. मुलगी तीच वाटायची.

नेब्रास्कात वारा आडवा येतो.
गाडी तिरकी धरायची, म्हणजे ती सरळ जाते,
असे तीनशे मैल
(पाचशेला थोडे कमी, बघा, सुटत नाही अजून)
आणि तिथे, धान्याच्या उंच कोठाराखाली,
क्लचची केबल तुटली.
आवाजसुद्धा झाला नाही.
मूठ एकदम हलकी झाली,
दुधाचा दात पडल्यावर तोंड होतं तशी.

पिकअपमधून एक बाई उतरली. सत्तरीची असेल.
काय झालं वगैरे काही नाही,
केबलचं टोक बोटात धरून बघितलं,
म्हणाली, चढव मागे.
व्हर्ला हावरानेक. टपालपेटीवर तिचं नाव होतं.

शेडमध्ये गवत कापायच्या यंत्राची केबल निघाली,
एका बाटलीच्या झाकणात तिनं शिसं वितळवलं,
पितळेचा मणी टोकाला ओवून बुडवला,
फुंकर मारली.
नवऱ्यानं शिकवलं का, म्हणून विचारलं.
त्याला मी शिकवलं, म्हणाली.

मग, हात पुसत: तू कुठला?
मोराव्हिया, म्हटलं, आणि नेहमीसारखं
नकाशा हवेत काढायला हात उचलला.

ती थांबली.
चिंधी बाकावर ठेवली.
म्हणाली, हुसा.
मग म्हणाली, नेसाहेय.
मग बराच वेळ वारा, पत्रा,
आणि मग, जरा लाजून, द्वेर्झे.

आजोबांची थोरली बहीण एवढंच बोलायची, म्हणाली,
आणि तेही ओरडून.
हुसा म्हणजे ती पांढरी, चावरी, हे माहीत आहे मला.
बाकीचे दोन अर्थ नाही माहीत.
शेवटचा शिवी असणार.
साठ वर्षं मी तो गुरांना घालते.

नेसाहेय म्हणजे हात लावू नकोस, मी म्हटलं.
आणि द्वेर्झे म्हणजे दार.
दार लाव, थंडी येते. एवढंच.

ती शेडच्या दाराकडे बघत राहिली.
उघडंच होतं. धूळ आत येत होती.
दार, म्हणाली.
आणि इतकी हसली की बाकाला धरावं लागलं.

पैसे घेतले नाहीत.
मी निघालो तेव्हा मागून ओरडली, द्वेर्झे!
शिवी म्हणूनच. जुनी सवय.

वायोमिंग, आयडाहो. हेल्मेटमध्ये मी कमी बोललो.
ऑरेगनला रस्ता संपला.
कस्टमवाल्याला सांगायला हवं:
संपतो. वाहनतळ आहे तिथे,
तळलेल्या माशांची टपरी, आणि पुढे पाणी.
केबल तिचीच, एकदाही सरकली नाही.

एक कार्ड घेतलं. आभार लिहून उपयोग नव्हता,
त्यापेक्षा चौथा शब्द लिहिला: व्हीतर.
खाली अर्थ: वारा.
दार दिलंय, तर हाही लागेल.

पोस्टातल्या बाईनं माझं बोलणं ऐकून
महागडं तिकीट काढलं. परदेशात ना?
नाही, म्हटलं. नेब्रास्का.